चुकीला पुरेल एवढे अंतर
प्रस्तावना

समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी दोन विमाने उतरवणे ही आजच्या विमानवाहतुकीतली रोजची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या अटलांटाच्या विमानतळावर पाच समांतर धावपट्ट्या आहेत. दिल्लीत चार धावपट्ट्या असून त्यांपैकी तीन समांतर आहेत. बंगळुरूत २०१९ च्या डिसेंबरपासून दुसरी धावपट्टी वापरात आहे. महाराष्ट्रात मात्र या विषयाची ओळख आतापर्यंत फारशी कुणाला नव्हती, आणि त्याला कारण मुंबईच्या विमानतळाची रचना. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असले की दुसरीवरची वाहतूक थांबते, म्हणून एवढे मोठे शहर इतकी वर्षे व्यवहारात एकाच धावपट्टीवर चालत आले.

नवी मुंबईने हे चित्र बदलले. तिथला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. पहिल्या टप्प्यात एकच धावपट्टी असली, तरी मूळ आराखडा दोन समांतर धावपट्ट्यांचा आहे : प्रत्येकी ३,७०० मीटर लांब आणि एकमेकींपासून १,५५० मीटर अंतरावर. दुसरी धावपट्टी तयार होईल तेव्हा महाराष्ट्राच्या आकाशात दोन विमाने शेजारी शेजारी, एकाच उतारावरून खाली येऊ लागतील. त्या दिवसाआधी मराठी वाचकाला हे काम कसे चालते, कुठे बिघडू शकते आणि ते कोण सांभाळते हे आपल्या भाषेत कळावे, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

१,५५० मीटर हा आकडा आराखड्यात कुठून आला, या प्रश्नापासून सुरुवात केली तर विषयाचे मर्म लवकर हाती लागते. ते अंतर विमानाच्या पंखांच्या रुंदीवरून ठरलेले नाही. सर्वांत मोठ्या प्रवासी विमानाचे पंखही ८० मीटरच्या आत मावतात. दोन्ही वैमानिक आपापल्या रेषेवर नीट राहिले, तर दोनशे मीटरसुद्धा भरपूर झाले. उरलेले सगळे अंतर ठेवले आहे ते चुकीसाठी. कुणीतरी कधीतरी रेषा सोडणार, हे गृहीत धरून ते आखले आहे. दादरच्या पुलावरून पाहिले तर जलद आणि धीमी लोकल हाताच्या अंतरावरून शेजारी शेजारी धावताना दिसतात आणि कुणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण रूळ त्यांना बाजूला जाऊ देत नाहीत. विमानाला रूळ नाहीत. त्यामुळे रुळांनी जे काम केले असते ते मोकळ्या हवेला, रेडिओवरच्या शब्दाला आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला करावे लागते.

हे काम विमाने धावपट्टीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असतानाच सुरू होते. प्रत्येक धावपट्टीच्या मध्यरेषेच्या सरळ पुढे, आकाशात, आयएलएस या यंत्रणेचा रेडिओ किरण गेलेला असतो. त्यातला लोकलायझर विमानाला डावी-उजवीकडची रेषा दाखवतो आणि ग्लाइड पाथ उताराची. दोन बाजूंनी आलेली दोन विमाने आपापल्या लोकलायझरला मिळतात तो क्षण सर्वांत नाजूक, कारण त्या वेळी दोघांचीही तोंडे एकमेकांकडे असतात. वळण जरा उशिरा घेतले की विमान आपली रेषा ओलांडून शेजाऱ्याच्या बाजूला जाते. म्हणून नियम असा की, दोन्ही विमाने आपापल्या रेषेवर स्थिरावेपर्यंत त्यांच्यात एक हजार फुटांचे उभे किंवा सुमारे साडेपाच किलोमीटरचे आडवे अंतर असलेच पाहिजे. एक विमान वरच्या पातळीवरून येते, दुसरे खालच्या. रेषेला मिळण्याचा कोन ३० अंशांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दोघे स्थिरावले, की मगच वरचे विमान उतारावर येते आणि उभे अंतर सोडून देता येते. तिथून पुढे दोघांमध्ये उरते ती फक्त बाजूची हवा.

त्या हवेच्या मधोमध आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या नियमांनुसार किमान ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा आखलेला असतो. नियंत्रक त्याला एनटीझेड म्हणतात. मराठीत आपण वर्ज्य पट्टा म्हणू. तो जमिनीवर कुठे दिसत नाही, फक्त नियंत्रकाच्या पडद्यावर असतो. त्यात कोणत्याही कारणाने कुणी शिरायचे नाही. शिरले, की शेजारच्या विमानाला तत्काळ बाजूला काढायचे, मग ते कितीही अचूक उतरत असो. दोन धावपट्ट्यांमधले अंतर १,०३५ मीटरपेक्षा कमी असेल तर अशी एकमेकांपासून स्वतंत्र उतरणी इकाओच्या नियमात बसत नाही. १,०३५ ते १,३१० मीटरच्या दरम्यान ती चालते, पण नेहमीच्या रडारवर नव्हे. त्यासाठी विमानाची जागा अडीच सेकंदांच्या आत नव्याने दाखवणारी अचूक यंत्रणा लागते.

हे आकडे कोरडे वाटतात ते मीटरमध्ये मोजल्यामुळे. सेकंदांत मोजले की त्यांचा अर्थ उघड होतो. उतरणाऱ्या जेट विमानाचा वेग १५० नॉट धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ मीटर. समजा ते अचानक ३० अंशांनी शेजारच्या रेषेकडे वळले. अशा वेळी बाजूला सरकण्याचा त्याचा वेग याच्या निम्मा, सेकंदाला साधारण ३९ मीटर. धावपट्ट्या १,०३५ मीटरवर असतील तर मध्यरेषेपासून वर्ज्य पट्ट्याच्या काठापर्यंत जेमतेम २१२ मीटर उरतात. ते अंतर साडेपाच सेकंदांत संपते. जुन्या धाटणीचे फिरते रडार विमानतळाच्या आकाशाचे चित्र साधारण पाच सेकंदांनी एकदा ताजे करते. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान वळल्याचा पहिला ठिपका उमटेल तोवर ते वर्ज्य पट्ट्याच्या दाराशी आलेले असू शकते. आता कळते की नियमाने तिथे वेगवान यंत्रणा का मागितली. पुढे खुद्द पट्टा ओलांडायला सुमारे सोळा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात नियंत्रकाने ओळखायचे, बोलायचे, शेजारच्या वैमानिकाने ऐकायचे, समजायचे, ऑटोपायलट सोडायचे, विमान वळवायचे आणि एवढ्या वजनाच्या यंत्राने वळायला सुरुवात करायची. रेषेपासून रेषेपर्यंतचा हिशेब धरला तर १,०३५ मीटर म्हणजे सुमारे २७ सेकंद, १,३१० मीटर म्हणजे ३४ आणि नवी मुंबईचे १,५५० मीटर म्हणजे ४० सेकंद. या पुस्तकातल्या प्रत्येक नियमाकडे वाचकाने याच नजरेने पाहावे अशी माझी विनंती आहे. सुरक्षितता म्हणजे चूक घडल्यानंतर हातात उरलेले सेकंद.

हे सेकंद वापरणारा माणूस म्हणजे मॉनिटर नियंत्रक. स्वतंत्र उतरणी चालू असताना टॉवरमधल्या नियंत्रकाखेरीज प्रत्येक धावपट्टीच्या रेषेवर लक्ष ठेवायला एक नियंत्रक नेमलेला असतो. विमानांचा क्रम लावणे, हवामान सांगणे, फोन घेणे यांतले काहीही त्याच्याकडे नसते. तो फक्त पाहतो. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर कुणी बोलत असले तरी त्याचा आवाज वरचढ ठरेल, अशी सोय त्याला दिलेली असते. भरकटणाऱ्या विमानाला तो आधी परत आपल्या रेषेवर बोलावतो. ते ऐकत नसेल आणि वर्ज्य पट्ट्यात शिरले असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसत नाही. निर्दोष विमानाला तो ताबडतोब वळून वर चढायचा आदेश देतो. या कृतीला ब्रेकआउट म्हणतात. त्यामागचा विचार मला या विषयातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. ज्याची चूक झाली आहे तो कदाचित गोंधळलेला असेल, त्याचा रेडिओ बंद असेल, यंत्र बिघडले असेल. त्याच्या सुधारण्यावर दुसऱ्या विमानातल्या माणसांचे प्राण टांगून ठेवता येत नाहीत. म्हणून जो ऐकण्याच्या स्थितीत आहे त्याला हलवायचे. चूक कुणाची याचा न्याय नंतर होईल.

असा नियंत्रक महिनोन् महिने बसतो आणि एकही ब्रेकआउट द्यावा लागत नाही. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्याच्या डोळ्यांना तो रिकामा बसलेला माणूस दिसतो आणि वर्ज्य पट्टा रिकामी पडलेली हवा. समांतर उतरणीचा इतिहास म्हणजे या दोन रिकाम्या जागांवर आलेल्या दबावाचा इतिहास आहे. अमेरिकेने सुरुवातीला अशा उतरणीसाठी ५,००० फूट अंतर मागितले होते. १९७४ मध्ये ते ४,३०० फुटांवर आले, आणि चांगली रडार यंत्रणा आल्यावर आणखी खाली. अंतर कमी होणे हे आपोआप वाईट नाही. ठिपका पाच सेकंदांऐवजी एका सेकंदाने ताजा होत असेल, तर वाचलेले सेकंद अंतरातून वजा करता येतात. हा सौदा प्रामाणिक आहे. सेकंद वाचवल्याशिवाय अंतर तोडले, तर मात्र ते चुकीच्या वाट्याचे अंतर असते.

दबाव किती असतो हे सॅन फ्रान्सिस्कोइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. तिथल्या दोन मुख्य समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषा अवघ्या ७५० फुटांवर, म्हणजे २२९ मीटरवर आहेत. वरच्या हिशेबाने सहा सेकंद. तिथे वर्ज्य पट्टा आखायला जागाच नाही. आकाश स्वच्छ असते तेव्हा वैमानिक शेजारचे विमान डोळ्यांनी पाहून आपले अंतर आपण सांभाळत आले आहेत आणि विमाने जोडीने उतरत आली आहेत. समुद्रावरून खालचे ढग आले, की ही सोय जाते आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येते. मागे रांगा लागतात, सगळ्या देशाचे वेळापत्रक ढळते. अशा ठिकाणी ‘दिसते आहे’ या दोन शब्दांवर फार मोठा भार पडतो.

त्याच विमानतळावर ७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमाराला टोरांटोहून आलेले एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान १४० माणसांसह उतरत होते. उजवी धावपट्टी चालू होती. डावी दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. ती बंद असल्याची नोंद नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांना उड्डाणापूर्वी मिळणाऱ्या सूचनांत होती, पण त्यांच्या मनावर ती ठसली नव्हती. नेहमी दोन उजळलेल्या पट्ट्या दिसायच्या, त्यांना तिथे एकच धावपट्टी आणि तिच्या उजवीकडे दिव्यांची आणखी एक रांग दिसली. उजळलेली धावपट्टी त्यांनी डावी समजली आणि शेजारची रांग उजवी. ती रांग टॅक्सीवेची, म्हणजे विमाने धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या वाटेची होती. तिथे उड्डाणाची वाट पाहणारी चार भरलेली विमाने उभी होती. धावपट्टीवर दिवे दिसताहेत, ती मोकळी आहे ना, असे वैमानिकाने विचारलेही. नियंत्रकाने धावपट्टीकडे पाहिले, ती मोकळी होती आणि त्याने तसे सांगितले. दोघेही खरे बोलत होते, दोन वेगवेगळ्या जागांबद्दल. टॅक्सीवेवरच्या एका वैमानिकाने रेडिओवर आवाज दिला, वैमानिकांनी विमान वर खेचले, आणि ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत येऊन पुन्हा चढले. टॉवरचा आदेश त्यानंतर आला. त्या वेळी टॉवरमध्ये धावपट्टी आणि जमिनीवरची वाहतूक अशी दोन्ही कामे एकच नियंत्रक पाहत होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, या घटनेचा तपास केला. वैमानिकांचा थकवा, नोटॅमची मांडणी, आयएलएसची फ्रिक्वेन्सी न लावता डोळ्यांवर उतरणे, अशी सगळी साखळी त्यातून समोर आली. तिथे आता शेजारची धावपट्टी बंद असेल तर रात्री डोळ्यांच्या भरवशावर उतरू देत नाहीत. टॅक्सीवेच्या रोखाने येणारे विमान ओळखून इशारा देणारी सोयही टॉवरच्या यंत्रणेत आली. हे सारे एकही माणूस न दगावता शिकता आले, हे त्या रात्रीचे भाग्य.

दुसरी घटना कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावरची, १२ मे २०२१ च्या सकाळची. आकाश स्वच्छ होते. दोन समांतर धावपट्ट्यांमधले अंतर दोनशे मीटरच्या आसपास. डावीवर एक मालवाहू मेट्रोलायनर सरळ येत होते, त्यात एकटा वैमानिक. उजवीसाठी सिरस जातीचे छोटे विमान वळण घेत होते, त्यात दोघे. दोन धावपट्ट्या, दोन नियंत्रक, दोन फ्रिक्वेन्सी. सिरसच्या वैमानिकाला मेट्रोलायनरची कल्पना दिली गेली होती आणि विमान दिसत असल्याचे त्याने सांगितले होते. पण त्याचा वेग जास्त होता. वळण रुंद झाले, स्वतःची रेषा ओलांडून तो शेजारच्या रेषेवर गेला आणि मेट्रोलायनरवर आदळला. सिरसच्या वैमानिकाने विमानाचे पॅराशूट उघडले आणि दोघे सुखरूप खाली आले. मेट्रोलायनरच्या पाठीला भले मोठे भगदाड पडले होते. त्याच्या वैमानिकाला आपले उजवे इंजिन बंद पडले आहे एवढेच वाटले आणि तो शांतपणे उतरला. एनटीएसबीने मुख्य कारण सिरसने रेषा सोडल्याचे दिले, आणि त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत मेट्रोलायनरला सिरसची माहिती न दिल्याचे नोंदवले. एकाला सांगितले होते, दुसऱ्याला नाही. समांतर उतरणीत निम्मी माहिती पुरत नाही.

तिसरी घटना आपल्या देशातली आहे. ती उतरण्याची नव्हे, उड्डाणाची, पण समांतर धावपट्ट्यांचाच प्रश्न ती उघडा करते. ७ जानेवारी २०२२ रोजी बंगळुरूत उत्तरेची धावपट्टी उड्डाणांसाठी आणि दक्षिणेची उतरण्यासाठी वापरात होती. मग सगळी वाहतूक उत्तरेच्या धावपट्टीवरून चालवायचे ठरले. हा निर्णय दक्षिण बाजूच्या नियंत्रकापर्यंत पोहोचला नाही. दोन नियंत्रकांनी दोन विमानांना जवळजवळ एकाच वेळी उड्डाणाची परवानगी दिली. विमाने हवेत गेली आणि त्यांचे मार्ग एकमेकांकडे झुकले. रडारवरच्या नियंत्रकाने ते पाहिले आणि दोघांना वेगवेगळ्या दिशा देऊन दूर केले. चूक टॉवरमधल्या दोन खुर्च्यांमध्ये घडली आणि ती सावरली तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने, ज्याचे लक्ष पडद्यावर होते.

या तिन्ही घटनांत यंत्र बिघडले नव्हते. वादळ नव्हते, धुके नव्हते. माणसांना जे दिसत होते त्याचा अर्थ चुकला, किंवा एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला कळले नाही. विमानात टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा असतेच की, असा प्रश्न वाचक विचारतील. चरखी दादरीच्या १९९६ च्या टकरीत ३४९ माणसे गेल्यावर भारताने ती यंत्रणा सक्तीची केली आणि तिचे मोल मोठे आहे. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली आल्यावर ती चढण्या-उतरण्याचा आदेश देत नाही, कारण तिथे खाली जा म्हणणेच घातक ठरेल. उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात माणसाला पर्याय नाही. तिथे उरते ती जागरूक नजर, स्पष्ट शब्द आणि आधीच राखून ठेवलेले अंतर.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात धावपट्ट्यांची भूमिती आणि आयएलएस, दुसऱ्यात रडार आणि विमानाने स्वतःची जागा कळवण्याची आजची पद्धत, तिसऱ्यात मॉनिटर नियंत्रकाचे काम, चौथ्यात घटनांचे तपास आणि शेवटी भारतातल्या विमानतळांची स्थिती. घाई असलेल्या वाचकाने तिसरा भाग तरी चुकवू नये. जड विमानामागे उरणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांवरचे प्रकरण थोडे कठीण आहे, पण धावपट्ट्या ७६० मीटरपेक्षा जवळ असल्या की या भोवऱ्यांसाठी त्या एकच का मानाव्या लागतात, हे त्याशिवाय कळणार नाही. गो-अराउंडवरचे प्रकरण प्रत्येक प्रवाशाने वाचावे. शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर चढले की अनेक जण घाबरतात, काही रागावतात. ते वाचल्यावर त्या निर्णयाबद्दल आदरच वाटेल.

नवी मुंबईकडे पुन्हा येतो. १,५५० मीटर हे अंतर उदार आहे आणि आखणाऱ्यांनी ते राखले हे चांगले केले. पण अंतर एकटे काही करत नाही. दुसरी धावपट्टी सुरू होईल तेव्हा प्रत्येक रेषेवर नजर ठेवायला, दुसरे कोणतेही काम नसलेला नियंत्रक असेल का? त्याची पाळी किती तासांची असेल आणि रात्रपाळीनंतर त्याला विश्रांती किती मिळेल? एक धावपट्टी दुरुस्तीला बंद असेल त्या रात्री टॉवरमध्ये किती माणसे असतील? मुंबईची मुख्य धावपट्टी आणि नवी मुंबईच्या धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेला आहेत, मग दोन्ही विमानतळांच्या नियंत्रकांमध्ये बदललेला निर्णय किती सेकंदांत पोहोचेल? टर्मिनलच्या छताबद्दल आणि दुकानांबद्दल आपण पुष्कळ लिहितो. हे प्रश्न विचारणे नागरिकांचे, पत्रकारांचे आणि लोकप्रतिनिधींचे तितकेच काम आहे. विमाने वाढावीत, तासाला आणखी चार उतरावीत, ही मागणी रास्त आहे आणि ती येत राहणार. प्रत्येक वेळी तिचे उत्तर देताना एवढेच तपासायचे की, वाढीव विमानांसाठी लागणारे सेकंद नव्या यंत्रांतून आणि नव्या माणसांतून आले आहेत, की चुकीसाठी राखलेल्या सेकंदांतून उचलले आहेत. पहिले असेल तर स्वागत करावे. दुसरे असेल तर नाही म्हणण्याइतकी जाण या पुस्तकाच्या वाचकाकडे असेल, आणि तसे नाही म्हणणारा समाज घडावा याच इच्छेने मी हे पुस्तक त्याच्या हाती देतो आहे.